पैसा जनतेचा, तर अटीही जनतेच्याच हव्यात

प्रति,
नियामक मंडळ,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन,
नवी दिल्ली.

विषय : सार्वजनिक निधीतून होणाऱ्या संशोधनाच्या व्यापारीकरणाच्या अटी आगाऊ ठरवून प्रसिद्ध करण्याबाबत.

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी ‘संशोधन, विकास आणि नवोन्मेष’ योजनेला मान्यता देऊन तिच्यासाठी एक लाख कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. हा निधी फाउंडेशनमधील एका विशेष कोशातून दुसऱ्या स्तरावरील निधी व्यवस्थापकांकडे आणि त्यांच्या हातून खासगी उद्योगांकडे जाणार आहे. त्याचे रूप मुख्यतः अल्प व्याजाच्या किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीच्या कर्जाचे आणि नवउद्यमांच्या बाबतीत भागभांडवलाचेही असेल. योजनेला दिशा देण्याचा अधिकार मंडळाकडे असल्यामुळे हे पत्र मंडळाला, आणि ज्यांच्या करांतून हा निधी उभा राहतो त्या नागरिकांच्या साक्षीने, लिहिले आहे. पत्रातील मागणी थोडक्यात अशी की, ज्या संशोधनात सार्वजनिक पैशाचा किंवा सार्वजनिक प्रयोगशाळेच्या श्रमाचा वाटा आहे ते खासगी हाती सोपवताना किंमत, पुरवठा, मालकी आणि माहिती यांविषयीच्या अटी पैसा देण्यापूर्वी लेखी ठरवाव्यात, आणि त्या अटींसह झालेले करार लोकांना वाचायला खुले करावेत.

संशोधनाचे व्यापारीकरण म्हणजे प्रयोगशाळेत हाती आलेले ज्ञान विकता येण्याजोग्या वस्तूपर्यंत किंवा सेवेपर्यंत नेण्याची सगळी वाटचाल. तिच्यात साधारणपणे तीन पायऱ्या असतात. पहिली पेटंट घेण्याची, म्हणजे शोधाचा व्यापारी वापर ठरावीक मुदतीपर्यंत, भारतात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे, इतरांना करू न देण्याचा कायदेशीर हक्क मिळवण्याची; दुसरी त्या हक्काचा परवाना एखाद्या उद्योगाला देण्याची; आणि तिसरी विक्रीतून रॉयल्टी, म्हणजे ठरलेला हिस्सा, घेण्याची. या वाटचालीला तत्त्वतः विरोध करण्याचे काही कारण नाही. सरकारी प्रयोगशाळेकडे कोट्यवधी मात्रा भरणारा कारखाना नसतो, देशभर माल पोहोचवणारी साखळी नसते, आणि संशोधनपत्रिकेत छापून आलेल्या शोधाने एकाही रुग्णाचा ताप उतरत नाही. भारताचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच होता आणि त्यातही खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. पुढारलेल्या औद्योगिक देशांत उद्योगांचा वाटा निम्म्याहून बराच अधिक असतो, हे लक्षात घेता उद्योगांना संशोधनाकडे ओढून आणण्याचा योजनेचा हेतू योग्यच आहे. प्रश्न आहे तो सौदा कोणत्या अटींवर व्हावा याचा. आणि या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या आरंभीच दिले नाही, तर पुढे ते देण्याची ताकद सरकारकडे फारशी उरत नाही, असे अलीकडचा अनुभव सांगतो.

कोव्हॅक्सिन लशीचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात सार्वजनिक संस्थांचा वाटा टप्प्याटप्प्याने दाखवता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० च्या पूर्वार्धात करोनाचा विषाणू रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा काढला. हे काम ऐकायला सोपे वाटले, तरी प्रत्यक्षात घशातील स्रावाचा नमुना पोषक द्रवातील जिवंत पेशींवर सोडायचा, त्या पेशींमध्ये होणारे बदल दिवसेंदिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, विषाणू खरोखर वाढतो आहे याची जनुकीय तपासणीने खात्री करायची, आणि हे सारे बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेल्या बंदिस्त प्रयोगशाळेत करायचे, असे ते चिकाटीचे आणि जोखमीचे काम असते. ‘एनआयव्ही-२०२०-७७०’ या नावाने नोंदलेला हा विषाणूचा वाण पुढे लशीचा आधार ठरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ९ मे २०२० रोजी हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीशी भागीदारी जाहीर केली. कंपनीने तो वाण व्हेरो पेशींवर, म्हणजे आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींवर, मोठ्या प्रमाणात वाढवून रसायनाने निष्क्रिय केला. शरीराचा लशीला मिळणारा प्रतिसाद वाढवणारा सहायक घटक अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एका छोट्या कंपनीने विकसित केला होता, आणि त्यामागेही अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे तेथील करदात्यांचा, पैसा होता.

लस माणसांना देण्यापूर्वी आणि देताना ज्या चाचण्या झाल्या, त्यांतही सार्वजनिक यंत्रणेचा हात मोठा होता. प्राण्यांवरील चाचणीसाठी ऱ्हीसस जातीची माकडे हवी होती आणि टाळेबंदीच्या काळात ती मिळत नव्हती, तेव्हा महाराष्ट्राच्या वन विभागाच्या मदतीने शोध घेण्यात आला व अखेर ती नागपूरजवळ सापडली. त्यानंतर २० माकडांचे पाच-पाचांचे चार गट करून पुण्याच्या संस्थेने त्यांच्यावर लशीची परीक्षा घेतली. माणसांवरील तिसऱ्या टप्प्यात २५,८०० स्वयंसेवकांनी आपले दंड पुढे केले, आणि या टप्प्यासाठी परिषदेने ३५ कोटी रुपये खर्च केल्याचे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. कंपनीचा वाटाही कमी लेखण्याचे कारण नाही. लस यशस्वी होईल की नाही हे ठाऊक नसताना तिने स्वतःचा पैसा आणि उत्पादनक्षमता पणाला लावली, आणि निष्क्रिय विषाणूची लस मोठ्या प्रमाणावर बनवण्याचे अवघड काम करून दाखवले. तेव्हा कोव्हॅक्सिन ही सार्वजनिक विज्ञान आणि खासगी उद्योग यांची खरीखुरी संयुक्त निर्मिती होती, आणि म्हणूनच दोघांमधील करार कसा होता याला महत्त्व येते.

तो करार लोकांसमोर आला नाही. त्यातील कलमांचा सुगावा लागला तो तुकड्यातुकड्यांनी आणि तोही लस बाजारात आल्यानंतर. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, कंपनीने राज्यांसाठी एका मात्रेची किंमत ६०० रुपये आणि खासगी रुग्णालयांसाठी १,२०० रुपये जाहीर केली, तर केंद्राला तीच मात्रा १५० रुपयांना मिळत होती. टीका झाल्यावर राज्यांची किंमत ४०० रुपयांवर आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच सुमारास लशींच्या विकासात सार्वजनिक पैसा किती गुंतला आहे आणि किंमत ठरवताना त्याचा विचार झाला का, असे प्रश्न केंद्राला विचारले. जूनमध्ये कंपनीने १५० रुपयांचा दर आपल्याला दीर्घकाळ परवडणारा नाही असे सांगितले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये, मागणी ओसरल्यावर, खासगी रुग्णालयांसाठीची किंमत २२५ रुपये झाली. यांपैकी कोणता दर न्याय्य होता हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, कारण उत्पादनखर्च किती, सार्वजनिक वाटा किती आणि त्या वाट्याबद्दल सूट किती, हे सांगणारा कागदच खुला नव्हता. १,२०० पासून २२५ पर्यंतची ही घसरण बाजाराच्या रेट्याने झाली. ज्या महिन्यांत लोकांना लशीची सर्वाधिक निकड होती, त्याच महिन्यांत तिची किंमत सर्वाधिक होती.

परिषदेने मे २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार करारात निव्वळ विक्रीवर रॉयल्टी, देशांतर्गत पुरवठ्याला प्राधान्य आणि लशीच्या खोक्यांवर पुण्याच्या संस्थेचे नाव, अशी कलमे होती. जानेवारी २०२२ अखेरपर्यंत परिषदेला रॉयल्टीपोटी सुमारे १७१ कोटी रुपये मिळाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. चाचणीवर खर्च झालेल्या ३५ कोटींच्या तुलनेत ही रक्कम भरघोस दिसते, आणि हा व्यवहार किफायतशीर झाला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु रॉयल्टी विक्रीच्या रकमेवर मोजली जात असल्यामुळे किंमत जितकी अधिक, तितका सरकारी संस्थेचा हिस्सा अधिक, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. साथीबाबत सरकारला सल्ला देणारी, लशीच्या चाचणीला पैसा पुरवणारी आणि त्याच लशीच्या विक्रीतून हिस्सा घेणारी संस्था एकच असेल, तर तिच्या प्रामाणिकपणाबद्दल तिळमात्र शंका नसली तरी तिच्या हितसंबंधांत संघर्ष उभा राहतो. शिवाय नागरिकाने आधी कर भरून संशोधन घडवायचे, मग पूर्ण किंमत मोजून लस घ्यायची, आणि त्या किमतीतला एक तुकडा पुन्हा सरकारी तिजोरीत गेला म्हणून समाधान मानायचे, हा सार्वजनिक गुंतवणुकीचा परतावा म्हणता येणार नाही. आरोग्याच्या क्षेत्रात खरा परतावा म्हणजे परवडणारी किंमत, वेळेवर पुरवठा आणि खुले ज्ञान.

पुरवठ्याच्या बाबतीत मुंबईच्या हाफकिन संस्थेचा अनुभव तर महाराष्ट्राच्या जिव्हारी लागणारा आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेली परळची ही संस्था पुढे शतकभर देशाला लशी व सर्पविषावरील प्रतिविष पुरवत राहिली. अशा परंपरेच्या हाफकिन जीव-औषध महामंडळाला कोव्हॅक्सिनचे उत्पादन करण्याची मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे स्मशानांत रांगा लागलेल्या असताना. केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी रुपयांचे पाठबळ जाहीर केले, परंतु जिवंत विषाणू हाताळणारी बंदिस्त उत्पादनव्यवस्था शून्यातून उभारण्याला महिने लागणार हे उघड होते, आणि दुसऱ्या लाटेत या कारखान्याचा लोकांना काही उपयोग होऊ शकला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्पादकाला तंत्रज्ञान देण्याचे कलम मे २०२० च्या भागीदारीतच घालून त्यांची तयारी तेव्हापासून सुरू केली असती, तर हातात अकरा महिन्यांची सवड होती. मालकीच्या बाबतीतही हेच झाले. लशीच्या पेटंटसाठी कंपनीने केलेल्या अर्जांत परिषदेचे नाव नव्हते, ही गोष्ट जून २०२४ मध्ये उघडकीस आली. कंपनीने ती अनवधानाने झालेली चूक असल्याचे सांगून परिषदेला सहमालक म्हणून जोडण्याची प्रक्रिया सुरू केली. चूक दुरुस्त होऊ लागली हे चांगले झाले, परंतु देशातील वैद्यकीय संशोधनाच्या सर्वोच्च संस्थेचे नाव कागदावरून गळाले आणि ते लक्षात यायला एवढा काळ लागला, यावरून बंद कपाटातल्या कराराची राखण किती ढिली असते ते दिसते.

अटी आधी ठरवल्या तर काय साधता येते, याचे उत्तर पुण्यातच सापडते. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या ‘अ’ गटातील जिवाणूच्या साथी वर्षानुवर्षे येत असत. १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५,००० माणसे दगावली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी २००१ मध्ये गेट्स प्रतिष्ठानच्या सात कोटी डॉलरच्या साहाय्याने एक प्रकल्प हाती घेतला, आणि लस कोण बनवणार हे ठरण्याआधी तिची किंमत ठरवली : एका मात्रेला पन्नास सेंटपेक्षा कमी, कारण त्याहून महाग लस आपल्याला घेता येणार नाही असे आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले होते. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या या दराला तयार झाल्या नाहीत. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट तयार झाली. लशीतील शर्करा आणि प्रथिन जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे सार्वजनिक, प्रयोगशाळेतून आली आणि तिचे हस्तांतरण याच अटीवर झाले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ‘मेनआफ्रिव्हॅक’चे लसीकरण सुरू झाले, पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती टोचली गेली, आणि त्या पट्ट्यातून ‘अ’ गटाचा मेंदूज्वर जवळजवळ हद्दपार झाला. कंपनी तोट्यात गेली नाही, तिची प्रतिष्ठा वाढली, आणि लस घेणाऱ्या देशांना पहिल्या दिवसापासून दर माहीत होता.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण त्यात उत्पादक कोव्हॅक्सिनचाच आहे. लहान मुलांच्या जीवघेण्या अतिसारावरील रोटाव्हॅक ही लस दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात नवजात बालकांमध्ये सापडलेल्या ‘११६ ई’ या विषाणूच्या वाणापासून, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या आणि अनेक परदेशी संस्थांच्या साहाय्याने घडली. मार्च २०१५ मध्ये तिचे लोकार्पण झाले, आणि सार्वजनिक खरेदीसाठी एका मात्रेला एक डॉलर हा दर देण्याचे वचन भारत बायोटेकने त्याआधीच दिलेले होते. तेव्हा अशा अटी घातल्या तर उद्योग येणारच नाही, या आक्षेपाला याच देशातील, याच उद्योगाने दिलेले उत्तर उपलब्ध आहे. उद्योगाला खरी भीती असते ती अनिश्चिततेची. दर, मुदत आणि खरेदीची हमी आधी कळली की तो आपला हिशेब मांडू शकतो, आणि न परवडल्यास वेळीच नाही म्हणू शकतो.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर भारतात या विषयावर एक पोकळी आहे. अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा करून सरकारी पैशावरील संशोधनाचे पेटंट घेण्याचा व ते उद्योगांना देण्याचा हक्क विद्यापीठांना दिला, आणि शोध लोकांना वाजवी रीतीने उपलब्ध झाला नाही तर सरकारने हस्तक्षेप करून इतरांना परवाना द्यावा, अशी तरतूदही त्यात ठेवली. परंतु पहिल्या चार दशकांत हा हस्तक्षेपाचा अधिकार एकदाही वापरला गेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत अमेरिकी लष्कराच्या आणि आरोग्य संस्थेच्या पैशावर शोधलेले पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील एन्झाल्युटामाइड हे औषध श्रीमंत देशांत अतिशय महाग विकले गेले; विद्यापीठाने व त्याच्या सहहक्कदारांनी त्यावरील रॉयल्टीचा हक्क २०१६ मध्ये १.१४ अब्ज डॉलरना विकला. रुग्णांनी हस्तक्षेपाची मागणी केली तेव्हा २०२३ मध्ये ती फेटाळण्यात आली. त्याच विद्यापीठाचा भारतातील पेटंट अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये नाकारला, म्हणून येथील रुग्णांना स्वस्त पर्यायाची आशा राहिली, परंतु तो बचाव पेटंट कायद्याने केला, संशोधनाला पैसा देणाऱ्या कुणी केला नाही. भारतात बे-डोलच्या धर्तीवर २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले, त्याच्यावर सर्व बाजूंनी टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. ते गेले याचे दुःख नाही. मात्र त्याच्या जागी दुसरी कोणतीही चौकट आली नाही, आणि प्रत्येक संस्था आपापल्या नियमांनी, बंद दाराआड, करार करत राहिली.

पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची सोय आहेच, मग वेगळ्या अटी कशाला, असे कोणी म्हणेल. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही, रॉयल्टी देववून, दुसऱ्या उत्पादकाला दिलेली परवानगी. असा परवाना या तरतुदीखाली भारतात आजवर एकदाच, ९ मार्च २०१२ रोजी, बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला देण्यात आला, आणि महिन्याकाठी सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचा औषधोपचार ८,८८० रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय उचलून धरला. या एका उदाहरणाने कायद्याची ताकद दिसते, तशीच त्याची दुर्मिळताही दिसते. वर्षानुवर्षे खटला लढवून मिळणारे जे संरक्षण, तेच सार्वजनिक पैसा देताना कराराच्या एका कलमाने विनासायास मिळू शकते.

व्यापारीकरणाचे यश कशाने मोजायचे, हेही मंडळाने ठरवायला हवे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, तेव्हा पेटंटविषयीच्या जागृतीचा सार्वजनिक हितासाठी कसा उपयोग होतो ते देशाने पाहिले. परंतु पुढे पेटंटची संख्या हेच कर्तबगारीचे माप बनले, आणि २०१७ च्या सुमारास त्या परिषदेच्या तेव्हाच्या महासंचालकांनाच आपल्या प्रयोगशाळांना कळवावे लागले की, हजारो अर्जांवर कोट्यवधी रुपये खर्च झाले असून त्यांतील बहुतेक पेटंट केवळ स्वतःच्या माहितीपत्रकात भर घालण्यासाठी घेतली गेली आहेत. जे मोजले जाते तेच वाढते. पेटंटची संख्या, उभारलेले भांडवल आणि मिळालेली रॉयल्टी एवढेच मोजले, तर तेवढेच वाढेल. किती लोकांना, कोणत्या किमतीला, किती लवकर उपयोग झाला हे मोजायला मंडळाने सुरुवात केली, तर निधी व्यवस्थापकांचे लक्षही तिकडे वळेल.

या मापाला आणखी एक कारण आहे. नव्या योजनेचा भर तंत्रज्ञान सिद्धतेच्या चौथ्या पातळीपासून पुढच्या प्रकल्पांवर आहे. ही पातळी म्हणजे मूळ कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध होऊन तिचे सुटे भाग एकत्र चालतात हे दिसून आलेला टप्पा. त्याआधीचे काम आणि ज्या कामाला बाजारच नाही ते काम, दोन्ही या निधीच्या बाहेर राहतात. माकडताप हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा त्या रोगाचा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या त्याच संस्थेने, जी तेव्हा विषाणू संशोधन केंद्र म्हणून ओळखली जात होती. गोचिडांमार्फत पसरणारा हा रोग गेल्या दशकभरात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा परिसरात पोहोचला. काजूच्या हंगामात रानात राबणारी, लाकूडफाटा गोळा करणारी माणसे त्याला बळी पडतात, आणि बाधितांपैकी दर शंभरांत सुमारे तीन ते पाच दगावतात. जुन्या लशीची परिणामकारकता घटल्यामुळे तिचा वापर कर्नाटकात २०२२ मध्ये थांबला, आणि नव्या लशीवर सार्वजनिक पैशाने काम आता कुठे पुढे सरकू लागले आहे. जगभर पसरलेल्या महामारीशी या रोगाची तुलना होऊ शकत नाही हे खरे; पण विषाणू ओळखून सहा दशके उलटली तरी काजूच्या बागेत राबणाऱ्या मजुराला भरवशाची लस नाही, याचे कारण विज्ञानाच्या अडचणीत जितके आहे, तितकेच त्या मजुराच्या रिकाम्या खिशात आहे. बाजाराला जिथे गिऱ्हाईक दिसते तिथेच संशोधन जाते. जिथे ते दिसत नाही तिथे संशोधन नेणे हेच सार्वजनिक निधीचे पहिले काम आहे.

म्हणून मंडळाने पुढील पाच अटी निधीच्या प्रत्येक पातळीवर, निधी व्यवस्थापकांशी होणाऱ्या करारांपासून शेवटच्या लाभार्थी कंपनीपर्यंत, बंधनकारक कराव्यात, अशी विनंती आहे. पहिली, सार्वजनिक प्रयोगशाळेचे तंत्रज्ञान किंवा सार्वजनिक पैसा असलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा करार, उत्पादनाची खरी गुपिते तेवढी वगळून, स्वाक्षरीनंतर ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा. रॉयल्टीचा दर, किमतीचे सूत्र आणि पेटंटची मालकी ही गुपिते मानली जाऊ नयेत. दुसरी, औषधे, लशी, निदानसंच आणि बियाणी यांच्या बाबतीत सरकारी खरेदीच्या किमतीचे सूत्र उत्पादन सुरू होण्यापूर्वी ठरावे, आणि त्यात सार्वजनिक वाट्याची वजावट स्पष्ट दिसावी. तिसरी, आणीबाणीच्या काळात इतर उत्पादकांना, विशेषतः हाफकिनसारख्या सार्वजनिक कारखान्यांना, तंत्रज्ञान देण्याचे बंधन मूळ करारातच असावे, आणि ठरलेल्या मुदतीत शोध बाजारात न आल्यास त्याचे हक्क मूळ संस्थेकडे आपोआप परत यावेत. चौथी, मानवी चाचण्यांचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, ठरलेल्या मुदतीत जाहीर व्हावेत. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी मर्यादित वापराची परवानगी मिळाली, पण तिसऱ्या टप्प्याचे समीक्षित निष्कर्ष नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले, आणि मधल्या काळात शंकाकुशंकांना जे मोकळे रान मिळाले त्याने लशीचे आणि विज्ञानाचे दोघांचेही नुकसान झाले. पाचवी, परताव्याच्या रूपाने निधीत जे पैसे येतील त्यांतला निश्चित हिस्सा बाजार नसलेल्या रोगांसाठी व पायाभूत संशोधनासाठी राखून ठेवावा, आणि रॉयल्टी घेणाऱ्या संस्थेने त्याच उत्पादनाविषयी धोरणात्मक सल्ला देण्यापासून दूर राहावे.

या अटींमुळे काही उद्योग बिचकतील, काही प्रस्ताव परत जातील, हे शक्य आहे. ज्यांना सार्वजनिक पैसा हवा पण सार्वजनिक नजर नको, ते गेल्याने निधीचे नुकसान होणार नाही. जे उरतील त्यांना आपल्या शेजारी बसलेल्या भागीदाराच्या अटी नेमक्या माहीत असतील, आणि प्रयोगशाळेत राबणाऱ्या तरुण संशोधकांनाही आपण शोधलेल्या गोष्टीचे पुढे काय होते हे कळण्याचा हक्क मिळेल. आज अनेक विद्यार्थी आपले निष्कर्ष पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत परिषदांत मांडू शकत नाहीत; ती वाट पाहणे सुसह्य होते ते, आपले काम शेवटी कोणाच्या उपयोगी पडणार आहे हे ठाऊक असले तरच.

मंडळाच्या येत्या बैठकीत या पाच अटी ठरावाच्या रूपाने मांडल्या जाव्यात, त्यांवर शास्त्रज्ञ, उद्योग, रुग्णसंघटना आणि शेतकरी संघटना यांच्या सूचना मागवाव्यात, आणि निधीतून होणाऱ्या पुढील प्रत्येक वाटपाला त्या लागू व्हाव्यात, अशी आग्रहाची विनंती आहे. ज्या अटी मंडळाला मान्य नसतील त्या का मान्य नाहीत याची कारणेही मंडळाने प्रसिद्ध करावीत. एक लाख कोटी रुपयांचा जमाखर्च ज्यांना द्यायचा आहे, त्या नागरिकांचा एवढा अधिकार निश्चितच आहे.

कळावे.

सार्वजनिक विज्ञानाविषयी आस्था असणारा एक नागरिक